अंगण वाकडेच होते

‘नाचता येईना अंगण वाकडे’ ही म्हण आपल्याकडे फार स्वस्त झाली आहे. शिकणाऱ्याने साधनाविषयी एक शब्द काढला, की ती त्याच्या अंगावर टाकली जाते. घर, शेत किंवा नोकरी सांभाळून पदवीच्या अभ्यासाला बसलेले तुम्ही. तुम्हांलाही ती कोणी ना कोणी ऐकवली असेल. मी ती एकदा माझ्या मुलीला ऐकवली. ती तेव्हा अकरा वर्षांची होती आणि तिच्या मांडीवर एक मँडोलिन होते. अंगण खरोखरच वाकडे होते, हे मला कळायला आठ वर्षे लागली. किती वाकडे, तेही आता मोजून सांगता येते : चार मिलिमीटर.

ते वाद्य आम्ही 2008 साली नांदेडला घेतले. आमच्या मराठवाड्यात घरोघरी पेटी, टाळ, पखवाज. भीमगीतांच्या आणि कव्वालीच्या पार्ट्यांत बँजो. मँडोलिन दिसे ते ऑर्केस्ट्राच्या मंचावर, एका कोपऱ्यात. मुलीने ते पाहिले होते दूरचित्रवाणीवर, ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’ या 1995 सालच्या चित्रपटात. मोहरीच्या पिवळ्या शेतात नायक जे वाद्य घेऊन उभा राहतो, ते तिला हवे होते. बँकेतल्या कारकुनाला परवडेल असे, शिकाऊ मुलांसाठीचे, प्लायवुडचे वाद्य मिळाले. दुकानदाराने तारा चढवल्या, एकदा छेडून दाखवल्या आणि पिशवीत घालून दिले.

या वाद्याची थोडी ओळख करून दिली पाहिजे, कारण पुढची सारी गोष्ट तिच्यावर उभी आहे. मँडोलिन मूळचे इटलीतले. नेपल्स शहराचे नाव त्याच्याशी कायमचे जोडले गेले आहे. त्याला आठ तारा असतात, पण त्या चार जोड्यांनी लावतात. प्रत्येक जोडीतल्या दोन्ही तारा एकाच सुरात, आणि शेजारच्या जोड्यांमध्ये षड्ज-पंचमाचे अंतर, म्हणजे व्हायोलिनप्रमाणेच. सतारीला असतात तसे धातूचे पडदे दांडीवर असतात. फक्त ते सरकवता येत नाहीत, दांडीत ठोकून बसवलेले असतात. दांडीच्या टोकाला मेरू, तेथून तारा निघतात. पोटावर घोडी, तीवर तारा टेकतात. आणि शेवटी तारदानात त्या अडकतात. लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी, की मँडोलिनची घोडी चिकटवलेली नसते. तारांच्या दाबाने ती जागच्या जागी उभी असते. आठ तारांचा एकत्रित ताण सत्तर-ऐंशी किलोच्या घरात जातो. त्यामुळे ती चिकटवलेली नाही हे पाहणाऱ्याच्या ध्यानातही येत नाही. आमच्या आले नाही. त्या दुकानदाराच्याही आले नसावे.

शिकवणी लागली. गुरुजींचा हात मुळात पेटीवरचा. पण स्वरज्ञान पक्के. ते मोकळ्या तारा पेटीवर मिळवून देत आणि मुलगी वाजवू लागे. सुरुवातीचे अलंकार बरे गेले. मग ती तक्रार करू लागली. तिचे शब्द मला नेमके आठवतात : “बाबा, खाली बरोबर येतं, वर गेलं की बिघडतं.” गुरुजी म्हणाले, बोट नीट पडत नाही. पुढे म्हणाले, कान अजून तयार नाही. एका संध्याकाळी ती रडवेली होऊन म्हणाली, “हे वाद्यच बेसूर आहे.” तेव्हा मी ती म्हण वापरली. मला स्वतःला सा आणि रे यांतला फरक धड कळत नव्हता, तरीही वापरली. म्हणीला ज्ञान लागत नाही, हाच तिचा सोयीस्करपणा. सहा महिन्यांनी मँडोलिन माळ्यावर गेले. त्याबद्दल कोणी काही बोलले नाही.

2010 मध्ये माझी बदली लातूरला झाली. सामानाबरोबर तेही आले, कारण फेकून द्यायला जीव होत नव्हता. पुढे मुलगी शिकायला पुण्याला गेली.

2016 चा लातूरचा उन्हाळा तुमच्यापैकी अनेकांनी सोसलेला असेल. मांजरा धरणाने तळ गाठला होता आणि पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली होती. 12 एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वेगाडी आली : दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर पाणी, साडेतीनशे किलोमीटरांचा प्रवास. त्या दिवसांत गंजगोलाईच्या दुकानांत, बँकेत, जिन्यावर, सगळीकडे मिरजेचे नाव होते. मला मात्र मिरज म्हटले की तंबोरे आठवत. तिथल्या कारागिरांच्या पिढ्या तंबोरे आणि सतारी घडवण्यात गेल्या, हे वाचून ठाऊक होते. मिरजेहून आपल्याकडे पाणी येत होते आणि माझ्या डोक्यात माळ्यावरचे वाद्य आले. माणसाचे मन असे कुठून कुठे जाते, याचे मला नवल वाटते. मी ते खाली काढले.

तारा गंजल्या होत्या. उन्हाने लाकूड इतके सुकले होते की पडद्यांची टोके दांडीच्या कडेबाहेर आली होती. बोट फिरवले की टोचत. लाकूड हवेतला ओलावा पिते आणि सोडते. पण धातू तसाच राहतो, म्हणून हे होते. पावसाळ्यात याच्या उलट : पोट फुगते, घोडी वर उचलली जाते आणि तारा पडद्यांपासून दूर जातात. मराठवाड्यात एकाच वाद्याला एका वर्षात ही दोन्ही टोके पाहावी लागतात.

मी नव्या तारांचा संच मागवला आणि आठही तारा एकदम उतरवण्याची चूक केली. जाणकार माणूस एकेक तार बदलतो. ताण जाताच घोडी टपकन खाली पडली, आणि तिच्याखाली पोटावर एक फिकट, न रापलेला पट्टा दिसला : आठ वर्षे ती जिथे उभी होती, ती जागा. मी घोडी त्याच पट्ट्यावर अचूक ठेवली, नव्या तारा चढवल्या. आवाज उजळला, पण जात तीच. मोबाइलवर सूर दाखवणारी एक सोय घेतली होती. मोकळ्या तारेला काटा मधोमध उभा राही. बोट जसजसे वर जाई तसतसा तो उजवीकडे कलू लागे. आता वाजवणारा मी होतो. खाली बरोबर येत होते, वर गेले की बिघडत होते.

पुढच्या शनिवारी मी मँडोलिन मांडीवर घेऊन एस.टी.ने चाकूर, अहमदपूर, लोहा करीत नांदेडला गेलो. हुजूर साहिब गुरुद्वाऱ्यातले कीर्तन आणि गावोगावची भजनी मंडळे यांमुळे नांदेडला पेट्या दुरुस्त करणाऱ्यांच्या हाताला काम असते. अशाच एका वयस्क कारागिरांकडे मी ते नेले. त्यांनी कबूल केले की मँडोलिन फारसे हाताखालून गेलेले नाही. मग काही न वाजवताच त्यांनी खिशातून पांढरा दोरा काढला. एक टोक मेरूवर धरले, दुसरे बाराव्या पडद्यावर आणले. तेवढाच दोरा दुमडून बाराव्या पडद्यापासून पुढे नेला. दोरा घोडीच्या पलीकडे गेला.

“घोडी जागेवर न्हाई साहेब. हे कोण वाजवायचं?”

“मुलगी. तिला सूर लागत नव्हता.”

“कसा लागंल?”

एवढेच बोलून ते कामाला लागले. मी मात्र बराच वेळ तो दोरा पाहत बसलो.

त्यामागचे गणित साधे आहे. तारेची लांबी निम्मी झाली की सूर एक सप्तक वर जातो. बारावा पडदा हा त्या निम्म्याचा पडदा. म्हणून मेरूपासून बारावा पडदा आणि तिथून घोडी ही अंतरे जवळजवळ सारखी हवीत. आमच्या वाद्यात पहिले अंतर 17.6 सेंटिमीटर होते आणि दुसरे 17.2. घोडी चार मिलिमीटर पुढे सरकलेली होती. तेवढ्याने दुसऱ्या पडद्यावर जो फरक पडतो तो भल्याभल्यांच्या कानाला कळणार नाही. सातव्या पडद्यावर तो अर्ध्या स्वराच्या एक-दशांश होतो आणि बाराव्यावर एक-पंचमांश. म्हणजे मोकळ्या तारा पेटीशी तंतोतंत मिळतात, खालचे अलंकार सुरेल येतात आणि वर जाताना सूर चढत जातो. अकरा वर्षांच्या मुलीने एका वाक्यात नेमके हेच सांगितले होते. आजच्या भाषेत बोलायचे तर तिने निदान केले होते. आम्ही दोघे मोठे लोक त्याला लक्षण समजत होतो.

तुमच्या घरी असे वाद्य असेल, तर दोऱ्याशिवायही ही परीक्षा करता येते. बाराव्या पडद्याच्या बरोबर वर तारेला बोटाचा नुसता स्पर्श करा, दाबू नका, आणि छेडा. घंटेसारखा एक निर्मळ सूर येईल. मग तीच तार तिथेच दाबून छेडा. दोन्ही सूर एक आले पाहिजेत. दाबलेला चढा आला तर घोडी तारदानाकडे सरकवायची, उतरता आला तर मेरूकडे. सरकवण्याआधी तारा थोड्या सैल कराव्यात आणि घोडी सरळ उभी राहील हे पाहावे. यास पैसा लागत नाही.

पण कारागीर तिथे थांबले नाहीत. त्यांनी घोडीच्या पायाखाली कागदाची पट्टी सरकवून पाहिली. ती आरपार गेली. घोडीचा एक पाय पोटाला पुरता टेकतच नव्हता. तारेचा कंप घोडीतून पोटात उतरतो आणि पोट हवा हलवते. नाद म्हणतात तो हाच. पाय अधांतरी असेल तर कंपाने जायचे कुठून? त्यांनी पोटावर पॉलिशकागद खडबडीत बाजू वर करून पसरला आणि घोडी त्यावर हलक्या हाताने मागेपुढे घासत राहिले, पोटाचा बाक तिच्या पायांत उतरेपर्यंत. पाऊण तास गेला. मध्येच चहा आला. एका हाताने घासणे चालूच. घाई केली तर पाय गोल होतात, म्हणाले. मग घोडीची चाके फिरवून तारांची उंची कमी केली : बाराव्या पडद्यावर तार चार मिलिमीटर वर होती, ती दोनच्या आत आणली. उंच तार दाबताना ताणली जाते, म्हणून तीही सूर चढवते. शिवाय लहान बोटे सोलून काढते, ते वेगळेच. मेरू पोकळ प्लास्टिकचा होता. तो काढून हाडाची पट्टी बसवली, बारीक कानशीने खाचा पाडल्या आणि खाचांत शिसपेन्सिलीचे टोक फिरवले, म्हणजे तार अडकत नाही. घोडी आणि तारदान यांच्यामधल्या तारांचे तुकडे नको तेव्हा किणकिणत. त्यांत पेटीला लावतात ती बनातीची पट्टी ओवली. त्यांनी 350 रुपये घेतले. परतीच्या भाड्यासाठी राखलेल्या नोटेतली आणखी एक मी ठेवली, तर परत दिली.

वाद्य मिळवून त्यांनी छेडले. तो आवाज मी त्या वाद्यातून कधी ऐकला नव्हता. फार गोड होता असे नाही. पण आता त्याला वजन होते, आणि वर-खाली कुठेही गेले तरी तो एकाच वाद्याचा आवाज होता.

नंतरच्या वर्षभरात मी त्यावर आणखी खर्च केला. त्यातला एक सार्थकी लागला : चाळीस रुपयांची जाड नखी. पातळ नखी तारेवर टकटक वाजते आणि तारेआधी स्वतः वाकते. दीड मिलिमीटरच्या नखीने सूर भरला. इतर खर्चाविषयी बोलायला संकोच वाटतो. चकचकीत तारदान आणि सोनेरी खुंट्या मी एका विक्रेत्याच्या सांगण्यावरून घेतल्या. खुंट्या जरा सुबक फिरतात. तारदानाने आवाजात काय भर घातली ते मला आजतागायत ऐकू आलेले नाही. ते दागिने होते. प्लायवुडचे पोट तेच राहिले. अखंड लाकडाची पातळ फळी जशी मोकळी थरथरते, तसे एकावर एक चिकटवलेले थर थरथरत नाहीत. ती मर्यादा कोणत्याही सुट्या भागाने ओलांडता येत नाही, ती ओलांडायची तर वाद्यच दुसरे घ्यावे लागते.

आणखी एक मर्यादा आहे, आणि ती महागड्या वाद्यालाही चुकलेली नाही. ठोकलेल्या पडद्यांवर सप्तकाचे बारा समान भाग केलेले असतात. त्यामुळे शुद्ध गांधार तंबोऱ्याच्या गांधारापेक्षा किंचित चढाच राहतो. पेटीचेही तसेच. पेटीवर आकाशवाणीने 1940 मध्ये घातलेली बंदी 1971 पर्यंत टिकली, तिच्या पाठीशी अशाच आक्षेपांचा जोर होता. पण याच पडद्यांवर सज्जाद हुसेन यांनी राग वाजवले. 1963 च्या ‘रुस्तम सोहराब’चे हे संगीतकार, तारा ओढून मँडोलिनमधून मिंड काढत. दक्षिणेत उ. श्रीनिवास यांनी वाद्यच बदलले : चार जोड्यांऐवजी पाच सुट्या तारा आणि विजेची जोड, म्हणजे गमकासाठी तार मोकळेपणी ओढता यावी. दोघांनाही आपल्या वाद्याला काय येत नाही हे ठाऊक होते, आणि मगच त्यांनी वाट काढली. मला हे फार उशिरा, सोनेरी खुंट्या घेतल्यानंतर वाचायला मिळाले.

वाद्य दुरुस्त झाल्यावर माझी एक सोय गेली. आता सूर खरखरला की दोष माझा होता. बोट पडद्याच्या अगदी मागे टेकवायला हवे, ते मी दोन पडद्यांच्या मधोमध टेकवीत होतो. पन्नाशीला आलेल्या बोटांना ते पटवायला तीन महिने लागले. रात्री दहानंतर, भांडी आवरून झाल्यावर अर्धा तास. वेळ तेवढाच होता, तुमच्या अभ्यासाला असतो तसाच.

मुलीला सांगायचे मी टाळत होतो. नांदेडहून परतल्यावर आठवड्याने फोन केला. दोऱ्याचे सांगितले, चार मिलिमीटरचे सांगितले, आणि म्हणालो, “तू म्हणालीस ते बरोबर होतं.” पलीकडे काही वेळ शांतता होती. मग ती म्हणाली, “बाबा, मी कॉलेजात गाण्याच्या संघात नावच दिलं नाही. मला वाटायचं, माझ्या कानातच काहीतरी कमी आहे.” मी काय बोलणार होतो? माफी मागितली. ती म्हणाली, “असू द्या.” या दोन शब्दांचा अर्थ फोनवर नीट कळत नाही.

त्या दिवाळीत ती घरी आली. पहिले दोन दिवस तिने वाद्याकडे पाहिलेही नाही, आणि मीही पुढे केले नाही. भाऊबिजेच्या दुपारी सगळे झोपलेले असताना मला आतून तारा मिळवल्याचा आवाज आला. मी दारात उभा राहिलो. तिने बारावा पडदा दाबला, छेडला, ऐकला. सातवा. पुन्हा बारावा. मान हलवली. मग ती दांडीवरून सावकाश खाली येत गेली, एकेक पडदा, चारही जोड्या, आणि दुसऱ्या जोडीच्या पहिल्या पडद्यावर थांबली.

“बाबा, इथे थोडं चढं आहे.”

मी मोबाइल आणला. काटा उजवीकडे होता, केसभर. मेरूची ती एक खाच उथळ राहिली होती. माझ्या कानाला त्यातले काहीच कळत नव्हते. मी कपाटातून पेन्सिल काढून तिच्या हातात दिली आणि तिने हाडाच्या पट्टीवर, त्या खाचेपाशी, एक बारीक खूण केली.